आधी माप, मग भाव

बँकेत असताना कर्जाचा अर्ज आला की मी आधी माणूस पाहत असे, मग कागद. व्याजाची गोष्ट शेवटी. निवृत्तीनंतर माझ्या जुन्या फियाट ११०० चे इंजिन उघडायची वेळ आली तेव्हा मात्र हा क्रम मी विसरलो. जो सर्वांत कमी पैशांत, दोन दिवसांत देतो म्हणाला, त्याच्या हवाली ब्लॉक केला. चार महिन्यांत गाडी निळा धूर ओकू लागली.

मग पुन्हा उद्यमनगर गाठले. उसाला पाणी देणाऱ्या ऑइल इंजिनांवर हात बसलेली ही वस्ती. बाबूराव पेंटरांनी कॅमेरा घडवून १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला, ते हेच गाव. इथे कसबाची वाण नाही. पण कसबी माणूस कोणता आणि भरवशाचा कोणता, हे गिऱ्हाइकाने ओळखायचे कसे?

एका वयस्कर मिस्त्रींना भाव विचारला. ते म्हणाले, “साहेब, मोजल्याबिगर काय सांगू?” प्रत्येक सिलिंडर त्यांनी वर, मध्ये, खाली आणि दोन दिशांनी मोजला, आकडे कागदावर मांडले. रिंगांच्या फेऱ्यात वरच्या टोकाला झीज जास्त. भोक गोल न राहता अंडाकृती होते. मूळ व्यास ६८ मिलिमीटर, पण हिशेब शंभराव्या भागाचा. “आधी पिस्टन आणा. ते मोजून मग बोअर मारू.” क्रँक ठीक आहे, ग्राइंडिंग नको, हेही त्यांनीच सांगितले, म्हणजे हातचे पैसे सोडले.

‘हे काम नको’ म्हणणारा कारागीर हीच माझ्या मते पहिली कसोटी. काय मोजलेत आणि ते लिहून देता का, हे प्रश्न त्यानंतरचे. कारण बोअर मारताना गेलेले लोखंड परत येत नाही. ब्लॉक हे मुद्दल आहे. दर खेपेला ते थोडे खर्ची पडते.

दोष एकट्या कारखानदाराचा नाही. आपण घासाघीस करतो, उद्याच द्या म्हणतो, आणि त्या भावात नेमका मोजण्याचा वेळ कापला जातो. मग मोजणाऱ्याचे गिऱ्हाईक न मोजणाऱ्याकडे जाते. असेच चालले तर उद्यमनगरात मशिने राहतील, पण ‘आधी मोजू’ म्हणणारा माणूस राहणार नाही. त्या मिस्त्रींनी पंधरा दिवस घेतले. मी एकदाही फोन केला नाही.