एकदिवसीय चर्चासत्रे पुरेत, सत्रभराचा वर्ग हवा

गोंदिया जिल्ह्यातल्या महाविद्यालयांत पदवीच्या वरच्या वर्गांसाठी माध्यमे, साहित्य-संपादन आणि भाषासंशोधन यांचा सत्रभर चालणारा, श्रेयांकांचा चर्चावर्ग सुरू व्हावा, यासाठी हे पत्र. चर्चासत्र म्हटले की आपल्याकडे ठरलेला क्रम असतो: उद्घाटन, सत्कार, दहा-दहा मिनिटांचे निबंधवाचन, जेवण, प्रमाणपत्रे. निबंधांचे पुस्तक निघते, पण त्यावरून संपादकाची पेन्सिल क्वचितच फिरलेली असते. विद्यार्थी यात नुसता श्रोता. दहा-पंधरा मुले आणि एक हस्तलिखित सत्रभर एकत्र बसले, तर याहून कितीतरी भक्कम काम होईल.

त्यासाठी सामग्री दाराशी आहे. दिवाळीपासून होळीपर्यंत झाडीपट्टीत, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भात, नाटकांचा हंगाम असतो; वडशाच्या कंपन्या गावोगावी रात्रभर प्रयोग करतात. त्यांच्या संहिता बहुधा प्रॉम्प्टरच्या हातातच राहतात, छापून येणाऱ्या थोड्या. अशी एक संहिता वर्गात आणली की संपादनाचे खरे प्रश्न सुरू होतात. पात्राच्या तोंडी ‘पानी’, ‘डोरा’ असते आणि मुद्रितशोधक ते ‘पाणी’, ‘डोळा’ करून मोकळा होतो. संवाद झाडीबोलीत ठेवून रंगसूचना प्रमाण मराठीत लिहाव्यात का? प्रयोगात नटाने ऐनवेळी घातलेले वाक्य संहितेत घ्यावे का? याची उत्तरे शुद्धलेखनाच्या नियमांत नाहीत; ती पुरावे समोर ठेवून, वाद घालूनच ठरवावी लागतात. विदर्भाला हे काम परके नाही. वि. भि. कोलत्यांनी ‘लीळाचरित्रा’ची १९७८ची आवृत्ती सिद्ध केली ती पोथ्यांतले पाठ ताडून पाहत. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोलीच्या अभ्यासाला उभे आयुष्य दिले. ते काम पुढे नेणारी माणसे भाषणे ऐकून तयार होणार नाहीत.

बोलींना एवढे महत्त्व दिले तर प्रमाण मराठी दुबळी होईल, असा आक्षेप येईल. त्यावर पूर्व आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेचा इतिहास पाहावा. झांझिबारची एक बोली प्रमाण म्हणून निवडली गेली, १९३० साली त्यासाठी समिती नेमली गेली, १९६४ मध्ये तिचे काम दार-ए-सलामच्या विद्यापीठीय महाविद्यालयातल्या संशोधन संस्थेकडे आले आणि १९८१ मध्ये प्रमाण स्वाहिलीचा कोश निघाला. शब्द गोळा करणे, पारिभाषिक संज्ञा ठरवणे, कोश रचणे हे काम विद्यापीठात वर्षानुवर्षे झाले, म्हणून ती भाषा शाळेत आणि राज्यकारभारात टिकली. मात्र टांझानियातल्या शंभरावर इतर भाषांना शाळेत जागा मिळाली नाही, हेही तितकेच खरे. सालेकसा-देवरीतली गोंडी बोलणारी मुले आणि पोवारी घरांतली मुले महाविद्यालयात येतात, तेव्हा हा प्रश्न आपल्यापुढेही असतो. स्वाहिलीच्या अभ्यासात दोन्ही धडे मिळतात, म्हणून या वर्गात तिला दोन-तीन आठवडे जरूर द्यावेत.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. मुलांना साधा अर्ज नीट लिहिता येत नाही, त्यांना संपादन काय शिकवणार? पण दुसऱ्याचा मजकूर ओळीओळीने तपासताना स्वतःचे लिहिणे जितके सुधारते, तितके व्याकरणाच्या तासाला सुधारत नाही. नोकरीचे म्हणाल, तर तालुक्याच्या वार्ताहरापासून मोबाइलवर बातम्या देणाऱ्यांपर्यंत सगळ्यांना बातमीची खातरजमा करणारा आणि मजकूर घट्ट करणारा माणूस लागतो. शिक्षकांची अडचण मात्र खरी आहे. अनेक विभाग तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांवर चालतात आणि त्यांना जादा तासाचे मानधन न देता हे काम सांगणे अन्यायाचे होईल. नव्या शैक्षणिक धोरणाने कौशल्याधारित अभ्यासक्रमांना श्रेयांक दिले आहेत. एकदिवसीय सोहळ्यांवरचा खर्च वाचवला तर मानधनाचीही काही सोय होईल.

नागपूर विद्यापीठाच्या मराठी अभ्यास मंडळाने येत्या जूनपासून हा वर्ग निदान गोंदिया, आमगाव आणि देवरी इथे प्रायोगिक तत्त्वावर सुरू करावा, आणि सत्राअखेर प्रत्येक वर्गाने एक संपादित संहिता छापून द्यावी, अशी विनंती आहे.

— एक वाचक, गोंदिया