बदली रायडर अपघाताआधी निवडा

सध्या माझं पोस्टिंग दिल्लीत, आर. के. पुरमला आहे. ज्यांनी इथले वेस्ट ब्लॉक पाहिले नसतील त्यांच्यासाठी सांगतो. या जुन्या सरकारी इमारतींमध्ये सैन्यभरतीचं संचालनालय आहे, केंद्रीय सैनिक बोर्ड आहे आणि पुनर्वसन महासंचालनालयही आहे. माणूस फौजेत येतो त्याचा कागद इथे हलतो आणि फौजेतून बाहेर पडतो त्याचाही इथेच. अशा ठिकाणी बसून मी मोटोक्रॉसवर लिहितोय, कारण त्या खेळातला एक प्रश्न आणि आमच्या फायलींमधला एक प्रश्न अगदी सारखा आहे. जायबंदी माणसाच्या जागी कोणाला आणायचं, आणि ज्याची ती जागा होती त्याचं काय करायचं?

जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात बालेवाडीला इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली. सहा संघ, परदेशी रायडर, भारतीय रायडर आणि ८५ सीसीवर बसणारी ज्युनियर पोरं. तोपर्यंत पुणे, कोल्हापूर, नाशिककडे डर्ट ट्रॅकचं वेड असलेली मंडळी स्वतःच्या खिशातून गाड्या पळवत होती. आता फ्रँचायझी आल्या, लिलाव आला आणि त्याबरोबर एक नवा विषय आला. रायडर पडला, हाड मोडलं, पुढची फेरी दोन आठवड्यांवर. त्याच्या जागी कोण?

या खेळात पडणं हा अपवाद नाही. सुपरक्रॉस म्हणजे मोटोक्रॉसच, फक्त स्टेडियममध्ये माती आणून केलेला. गेट पडलं की सगळे एकदम एकाच वळणाकडे सुटतात आणि त्या पहिल्याच वळणावर निम्मी शर्यत ठरते. मग उड्या, मग एकामागोमाग एक उंचवटे. कॉलरबोन, मनगट, गुडघ्याचं लिगामेंट आणि डोक्याला मार ही या खेळाची नेहमीची यादी आहे. म्हणून ‘कोणाला आणायचं’ हा प्रश्न संघाच्या मालकाला कधी ना कधी पडणारच. तरीही बहुतेक जण तो पडल्यावरच विचारात घेतात, आणि मग फोनाफोनी सुरू होते.

त्या फोनाफोनीत तीन वाटा सुचतात. पहिली, जो मोठा नावाजलेला रायडर मोकळा आहे त्याला उचला. दुसरी, आपल्याच संघातलं एखादं तरुण पोर वर चढवा. तिसरी कोणी उघडपणे बोलत नाही, पण ती सगळ्यात सोपी असते. जखमी माणसालाच पट्ट्या बांधून, दुखणं दाबायचं इंजेक्शन देऊन परत गाडीवर बसवा. माझं म्हणणं असं, की बदली रायडर आधीपासून तयार नसला की संघ फिरून फिरून या तिसऱ्या वाटेवरच येतो. म्हणून बदली माणूस निवडणं हा जखमी माणसाला वाचवण्याचाही प्रश्न आहे.

पायदळातल्या जुन्या वाचकांना ‘एल.ओ.बी.’ आठवत असेल. लेफ्ट आउट ऑफ बॅटल. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश पलटणींनी ही पद्धत पक्की केली. हल्ल्याला जाताना काही अधिकारी, काही एन.सी.ओ. आणि काही जवान मुद्दाम मागे ठेवायचे. पुढे गेलेल्यांवर काहीही ओढवलं तरी पलटण पुन्हा उभी करायला माणसं हवीत म्हणून. मागे राहणारे नकोसे झालेले नसायचे. ज्यांच्याभोवती पलटण उभी राहील अशीच माणसं त्यासाठी निवडायची. मागे राहिलेल्याला वाईट वाटायचं, हे खरं. पण नावं आधी ठरलेली असायची, त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी ‘आता कोण?’ असं विचारावं लागत नसे.

खेळात याचं चांगलं उदाहरण क्रिकेटमध्ये आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये लॉर्ड्सवर स्टीव्ह स्मिथला जोफ्रा आर्चरचा चेंडू मानेवर लागला. डोक्याच्या दुखापतीसाठी बदली खेळाडूचा नियम त्याच महिन्यात लागू झाला होता. स्मिथच्या जागी मार्नस लाबुशेन आला, कसोटीतला असा पहिला बदली खेळाडू. त्याने ५९ धावा करून सामना वाचवायला हातभार लावला. पुढच्या हेडिंग्लेच्या कसोटीत स्मिथ बाहेर बसला आणि लाबुशेनने दोन्ही डावांत अर्धशतकं काढली. स्मिथ परतला तो ओल्ड ट्रॅफर्डला, आणि त्याने २११ धावा केल्या. लाबुशेन संघातच होता, सरावात होता, म्हणून स्मिथवर उठून उभं राहण्याचा दबाव तेवढा कमी होता, असं मला वाटतं.

याच नियमाची दुसरी बाजू आपण पुण्याजवळ गहुंजेला पाहिली. ३१ जानेवारी २०२५ ला इंग्लंडविरुद्ध शिवम दुबेच्या हेल्मेटवर चेंडू आदळला आणि त्याच्या जागी हर्षित राणा आला. राणाने तीन बळी घेतले, भारत जिंकला आणि जोस बटलर नाराज झाला. त्याचा मुद्दा साधा होता. दुबे फलंदाजी करणारा अष्टपैलू, राणा अस्सल वेगवान गोलंदाज. हे ‘तसाच्या जागी तसा’ कसं? सामनाधिकाऱ्याने परवानगी दिली होती, त्यामुळे नियमाच्या चौकटीत ते बसलं. पण वाद झाला, कारण बदली माणसाचं काम काय हे आधी स्पष्ट नव्हतं.

मोटोक्रॉसमध्ये ‘तसाच्या जागी तसा’ हे आणखी कठीण आहे. फलंदाज दुसऱ्याची बॅट घेऊन खेळू शकतो. पण ८० किलोच्या रायडरसाठी लावलेल्या सस्पेन्शनवर ६२ किलोचा पोरगा बसवला, तर गाडी उडीनंतर त्याला फेकून देते. स्प्रिंग बदलावी लागते, हँडलबारचा कोन बदलावा लागतो, क्लचचा लिव्हर त्याच्या बोटांच्या अंतरावर आणावा लागतो. मेकॅनिकला त्या माणसाची सवय लागते. हे सगळं शुक्रवारी संध्याकाळी विमानातून उतरलेल्या मोठ्या नावासाठी शनिवारी सकाळपर्यंत होत नाही. मग दुसरा माणूस पडतो. एका जखमी रायडरच्या ठिकाणी दोन होतात.

कर्तव्यपथावर सिग्नल्सच्या ‘डेअर डेव्हिल्स’चा मोटारसायकलवरचा पिरॅमिड आपण टाळ्या वाजवून पाहतो. तिथे प्रत्येकाची जागा त्याच्या वजनावर आणि तोलावर ठरलेली असते. वरचा एक माणूस आजारी पडला, तर कोणीही धडधाकट जवान उचलून तिथे चढवता येत नाही. त्या जागेचा सराव केलेलाच माणूस लागतो. हे फौजेतल्या कुठल्याही सुभेदार साहेबाला समजावून सांगावं लागत नाही. फ्रँचायझीच्या मालकांना मात्र सांगावं लागतंय.

आपल्याकडच्या संघाने हे नीट केल्याचं एक उदाहरण आहे. डाकार म्हणजे मोटोक्रॉस नव्हे, ती वाळवंटातली दोन आठवड्यांची रॅली. पण तिथले कित्येक रायडर मोटोक्रॉसमधूनच पुढे आले. २०२२ ची डाकार तोंडावर असताना हिरो मोटोस्पोर्ट्सचा अर्जेंटिनाचा रायडर फ्रँको कायमी जखमी झाला. संघाने दक्षिण आफ्रिकेच्या अ‍ॅरन मारेला घेतलं. त्याच रॅलीत जोआकिम रॉड्रिग्जने तिसरा टप्पा जिंकला, भारतीय कंपनीचा डाकारमधला तो पहिला टप्पाविजय. रॉड्रिग्ज आणि मारे दोघेही पहिल्या पंधरात आले. आणि २०२३ मध्ये कायमी हिरोच्याच संघातून डाकारला उतरला. मला यात शेवटचा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. त्याची जागा गेली नाही.

त्याच्या आदल्या वर्षी, जानेवारी २०२१ मध्ये, याच संघाचा सी. एस. संतोष सौदीच्या वाळवंटात पडला. डाकार पूर्ण करणारा तो पहिला भारतीय. रियाधच्या रुग्णालयात डॉक्टरांना त्याला औषधांनी बेशुद्ध ठेवावं लागलं. तोच संतोष पुढे सुपरक्रॉस लीगमध्ये ‘बिगरॉक’ संघ घेऊन उतरला. गाडीवरून पडणं म्हणजे काय हे ज्याला अंगावर कळलंय, अशा माणसाच्या हाती रायडर निवडायचं काम असणं मला आश्वासक वाटतं. पण प्रत्येक मालक काही संतोष नसतो. म्हणून नियम हवा.

माझ्या मते नियम तीन असावेत. पहिला, प्रत्येक संघाने हंगामाच्या आधी राखीव रायडरचं नाव जाहीर करावं. तो सगळ्या सरावांना हजर असेल आणि एक गाडी त्याच्या वजनावर लावलेली असेल. आणि ही राखीव जागा भारतीय रायडरलाच मिळावी. परदेशी पाहुणा पडल्यावर दुसरा परदेशी पाहुणा आणायचा असेल, तर आपल्या पोरांनी मोठ्या गाडीवर बसायला शिकायचं कधी? दुसरा, जखमी रायडर परत कधी बसणार हे फक्त डॉक्टर ठरवेल. मालक नाही, प्रायोजक नाही, आणि स्वतः रायडर तर मुळीच नाही. तिसरा, हंगाम संपेपर्यंत जखमी माणसाचा करार आणि मानधन चालू राहील.

दुसऱ्या नियमाबद्दल थोडं जास्त सांगतो. अकादमी कुठलीही असो, तरुण पोरं दुखापत लपवतात. पिंढरीला स्ट्रेस फ्रॅक्चर असलं तरी ‘अटेंड सी’ची चिठ्ठी घ्यायला जात नाहीत, कारण मागे पडण्याची भीती हाडाच्या दुखण्यापेक्षा मोठी असते. रायडरचंही तसंच. डोक्याला मार लागून काही सेकंद काही आठवत नसलं, तरी तो ‘ओके’ म्हणून अंगठा वर करेल. म्हणूनच फौजेत ‘शेप’ची वर्गवारी आहे. मन, कान, हातपाय, शरीराची क्षमता, डोळे, प्रत्येकाला वेगळा आकडा, आणि ठराविक काळाने फेरतपासणी. जवान लाख म्हणेल मी फिट आहे, शिक्का मेडिकल बोर्डाचा.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला पैशाचा. रायडर न पळवता त्याला पगार का द्यायचा? तर ज्या संघाला लिलावात परदेशी नावांवर खर्च करता येतो, त्याला एका तरुण भारतीय रायडरचा खर्च पेलू नये हे पटत नाही. दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. बदली माणूस मूळ माणसापेक्षा सरस निघाला तर? त्याने का उठावं? माझं उत्तर असं, की शब्द हंगामापुरता आहे. हंगाम संपला, डॉक्टरने हिरवा कंदील दिला, की दोघं एकाच गेटवर उभे राहू देत. जो पुढे जाईल त्याची सीट. पण प्लास्टरमध्ये असलेल्या माणसाशी स्पर्धा लावून त्याची जागा काढून घेणं याला निवड म्हणत नाहीत.

वेस्ट ब्लॉकमध्ये लो मेडिकल कॅटेगरीच्या जवानांचे अर्ज येतात. त्यात बढतीची चौकशी कमी असते. बहुतेकांना एकच गोष्ट हवी असते, माझी पलटण मला परत घेईल का. पुण्यातल्या किंवा कोल्हापुरातल्या ज्या आईबापांची पोरं या लीगच्या करारावर सही करायला निघाली आहेत, त्यांनी मानधनाचा आकडा जरूर पाहावा. पण त्याआधी संघाला एवढं विचारावं: माझा मुलगा पडला तर त्याच्या जागी कोण बसणार हे तुम्ही ठरवलंय का, आणि तो बरा झाल्यावर त्याची गाडी तिथे असेल का? उत्तर कागदावर लिहून मिळत नसेल, तर सही एक आठवडा थांबू शकते.