वर्क फ्रॉम होम : आधी आवाज, मग चेहरा

घरून काम सुरू झालं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, वेबकॅम कोणता घेऊ? हातात पाच हजार असले तर बहुतेक जण चार हजार कॅमेऱ्यावर घालतात आणि उरलेल्या पैशात मिळेल तो हेडफोन उचलतात. माझा सल्ला अगदी उलटा आहे. आधी माइक बघा.

मीटिंगमध्ये चित्र मिनिटभर अडकलं तरी काम चालतं. आवाज तुटला की समोरचा नुसता 'हॅलो, हॅलो' करत बसतो. पण खरं नुकसान याच्याही पुढचं आहे. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी लोकांना तीच वाक्यं दोन प्रकारे ऐकवली, एकदा स्वच्छ आणि एकदा स्वस्त माइकमधून येतो तशा पत्र्याच्या डब्यातल्या आवाजात. शब्द दोन्हीकडे नीट कळत होते. तरीही डब्यातल्या आवाजाचा माणूस ऐकणाऱ्यांना कमी हुशार, कमी विश्वासाचा आणि नोकरीला कमी योग्य वाटला. गंमत बघा, मीटिंगमध्ये आपला चेहरा आपल्याला कोपऱ्यातल्या चौकोनात सारखा दिसत असतो, म्हणून आपण केस नीट करतो. आपला आवाज मात्र आपल्याला कधीच ऐकू येत नाही.

मी पिरियापट्टणातून काम करते. म्हैसूर-मडिकेरी रस्ता इथूनच जातो, त्यामुळे बसचे हॉर्न फुकट. जून-जुलैत पत्र्यावर पाऊस सुरू झाला की शेजारी बसलेल्याचंही ऐकू येत नाही. म्हैसूर इथून सत्तरेक किलोमीटर. अशा गावातल्या मुलामुलींची नोकरीची पहिली फेरी आता ऑनलाइन होते. अर्ध्या तासाच्या त्या कॉलमध्ये पावसाचा आवाज तुमच्यापेक्षा मोठा असून कसं चालेल?

इथे जाहिरातीतला एक शब्द फसवतो, 'नॉइज कॅन्सलेशन'. खोक्यावर एएनसी लिहिलेलं असेल तर बाहेरचा गोंगाट कमी होतो तो तुमच्या कानात. पलीकडच्याला हॉर्न ऐकू जायचा तो जातोच! माइकमधला गोंगाट कमी करणाऱ्या सोयीला बरेचदा ईएनसी म्हणतात, दुकानात तेच विचारा. त्याहून भरवशाचा उपाय म्हणजे गालापाशी येणारी माइकची दांडी असलेला हेडसेट. माइक तोंडाच्या जितका जवळ, तितका तुमचा आवाज मोठा आणि पाऊस लहान.

ब्लूटूथ इअरबड्सवर गाणी छान वाजतात, पण त्यांचा माइक चालू झाला की बहुतेक बड्स कॉलच्या मोडमध्ये जातात आणि आवाजाचा दर्जा खाली येतो. शिवाय चार्जिंग ऐन वेळी संपतं. वायरवाल्याला यातलं काहीच होत नाही. फक्त पिन बघून घ्या. माइकवाल्या इअरफोनच्या पिनेवर तीन काळ्या रेघा असतात. जुन्या कॉम्प्युटरला हिरवं आणि गुलाबी अशी दोन भोकं असतील तर स्प्लिटर लागेल. यूएसबी हेडसेट घेतला तर ही कटकटच नाही.

घेतल्यावर पंखा चालू ठेवून अर्धा मिनिट रेकॉर्ड करा आणि स्वतः ऐका. बरेच जण हे कधीच करत नाहीत.

आता कॅमेरा. लॅपटॉपचा ७२०पी कॅमेरा वाईट दिसतो तो बहुधा उजेडामुळे. खिडकी पाठीमागे असेल तर चेहरा काळा पडणारच. खुर्ची फिरवा, खिडकी समोर घ्या. लॅपटॉपखाली दोन-चार जाड पुस्तकं ठेवली की कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत येतो. तरी समाधान झालं नाही तर फोनच वापरा. आयफोन २०२२ पासून मॅकला थेट कॅमेरा म्हणून जोडता येतो. अँड्रॉइड १४ असलेल्या काही फोनना यूएसबी केबल लावली की 'वेबकॅम' हा पर्याय दिसतो, बाकीच्यांसाठी ॲप आहेत.

महागडा फोर-के कॅमेरा तर सोडूनच द्या. झूमच्या आकड्यांनुसार दोघांच्या कॉलला ७२०पी साठी दोन्ही दिशांना १.२ एमबीपीएस लागतात, म्हणजे तासाला साधारण एक जीबी डेटा. १०८०पी ला तोच तीन जीबीपर्यंत जातो. नुसत्या आवाजाला मात्र ७० एमबीच्या आसपास. लाइट गेली, राउटर बंद पडला आणि हॉटस्पॉटवर आलात, की आधी व्हिडिओ बंद करा. कॅमेरा घ्यायचाच असेल तर १०८०पी पुष्कळ झाला, आणि झाकण असलेला घ्या. घरात मागून कोण कधी टॉवेल गुंडाळून जाईल, सांगता येत नाही.

राहिले कान. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत चालतो, त्याहून मोठ्या आवाजाला ही मुदत झपाट्याने कमी होते. दिवसभर कॉल असतील तर आवाज ६० टक्क्यांच्या खाली ठेवा, आणि संध्याकाळची गाणी स्पीकरवर ऐका.