ढोल चालत वाजवायचा असतो आणि वेळेवर थांबवायचा असतो

गणपती जवळ आले की आमच्या तालुक्याच्या गावात तीन बैठका होतात. एक मंडळाची, वर्गणी ठरवायला. दुसरी पोलीस ठाण्यात, शांतता समितीची. तिसरी डीजेवाल्याबरोबर, तिची बातमी कुणी देत नाही.

दुसऱ्या बैठकीची बातमी मी वीस-बावीस वर्षं लिहितोय. साहेब बदलतात, बातमी बदलत नाही. आवाजाची मर्यादा पाळा, पारंपरिक वाद्यांना प्राधान्य द्या, अन्यथा कारवाई. टाळ्या, चहा, फोटो. मग विसर्जनाच्या रात्री जे व्हायचं ते होतं.

यातल्या एकाच वाक्यावर आज लिहितो. ‘पारंपरिक वाद्यांना प्राधान्य द्या.’ वाक्य चांगलंच आहे, पण अर्धं आहे. दवाखान्यासमोर दोन तास एका जागी उभं राहून बडवलेला ढोल हा आतल्या पेशंटसाठी डीजेच असतो. वाद्य कुठलं, हा नंतरचा प्रश्न. ते कसं वाजवायचं आणि कधी थांबवायचं, याला काही नियम आहे का, हा पहिला.

हे मी बाहेरून बोलत नाही. १९९४ ते २००० अशी सहा वर्षं मी गावच्या झांजपथकात होतो. दोन वर्षं झांज, पुढची चार वर्षं ढोल. तेव्हा आमच्या कृष्णाकाठच्या गावांत यात्रेला, शिवजयंतीला, गणपतीला पथकांच्या स्पर्धा व्हायच्या. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ढोल आणि ढोलांवर आम्ही, असं पन्नास-साठ किलोमीटर जायचो. बक्षीस म्हणजे ढाल आणि पथकाच्या एका जेवणाएवढे पैसे. पण ती ढाल मिळावी म्हणून आम्ही दोन-दोन महिने मार्केट यार्डात रोज रात्री आठ ते दहा घाम गाळायचो.

ज्यांनी ढोल बांधलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. ढोल गळ्यात अडकवत नाहीत, कमरेला बांधतात. आम्ही आईच्या जुन्या लुगड्याने बांधायचो, कारण नवा पट्टा कातडी सोलतो. एका तोंडावर टिपरू, दुसऱ्या तोंडावर हाताची थाप. पहिल्या आठवड्यात बोटं फुटतात, मग चिकटपट्टी. चालताना ढोलाची कड मांडीवर आपटते, तिथे काळंनिळं होतं, ते गणपतीनंतर पंधरा दिवसांनी जातं. तेव्हा पानं कातड्याची होती. पाऊस लागला की ढोल मुका. मग दोऱ्या ओढायच्या, ताशाला जाळावर शेक द्यायचा. आता प्लास्टिकची पानं आली. पावसाची भीती गेली, आवाजही चढला.

पण खरी मेहनत वाजवण्याची नव्हती, चालण्याची होती.

स्पर्धेत आखून दिलेला रस्ता असायचा. एका टोकाला चुन्याची रेघ, दुसऱ्या टोकाला परीक्षकांचं टेबल. वेळ वीस मिनिटं. त्यात चालायचं, गोल धरायचा, रांग मोडून पुन्हा बांधायची, आणि हे सगळं करताना पहिल्या ठोक्याला डावाच पाय पडला पाहिजे. चाळीस पोरांचा. तालाला गुण, चालीला गुण, पोशाखाला गुण आणि वेळेला गुण. विसाव्या मिनिटाला शिट्टी व्हायची. शिट्टीनंतर एक जरी ठोका पडला तरी गुण कापले जायचे.

त्यामुळे आमच्या सरावातला शेवटचा अर्धा तास फक्त थांबण्याचा असायचा. वाजवत राहायचं आणि ताशावाल्याने हात वर केला की चाळीस हात जागच्या जागी. पुन्हा. पुन्हा. एकाचं जरी टिपरू पडलं तरी सगळ्यांनी पहिल्यापासून. हे जमायला ठेका बसण्यापेक्षा जास्त दिवस लागायचे. कारण अंगात ताल चढल्यावर थांबायला स्वतःवर ताबा लागतो, आणि सतरा-अठराव्या वर्षी तोच नसतो.

एका यात्रेतली गोष्ट आजही आठवते. शेजारच्या तालुक्यातलं एक पथक, आमच्यापेक्षा दुप्पट चांगलं. लोक झाडावर चढून बघत होते. शिट्टी झाली, ते थांबेनात. लोकांनी ‘वन्स मोअर’ केला, ते अजून चढले. निकालात त्यांचा नंबर नव्हता. गावकरी परीक्षकांच्या अंगावर गेले, तेव्हा परीक्षकांतले एक निवृत्त पीटीचे सर शांतपणे म्हणाले, “वाजवलं उत्तमच. पण आम्ही पथकाला नंबर देतो, गर्दीला नाही.” पथक आणि गर्दी यांतला फरक एवढ्या सोप्या शब्दांत मला पुढे पत्रकारितेच्या डिप्लोमातही कुणी शिकवला नाही.

असाच प्रकार अमेरिकेतही आहे. तिथे ‘ड्रम कोअर’ म्हणतात. पितळी वाद्यं, ड्रम आणि निशाणवाले यांची दीडशेच्या आसपास पोरापोरींची पथकं, वय साधारण एकवीस-बावीसपर्यंतच. १९७२ पासून त्यांची देशपातळीवरची स्पर्धा भरते. उन्हाळाभर बसने गावोगाव फिरतात, शाळांच्या जिममध्ये जमिनीवर झोपतात, आणि यासाठी पोरं उलट फी भरतात. आमची ट्रॉली आणि त्यांची बस यात फरक आहेच, पण यूट्यूबवर बघितलं तेव्हा ओळखीचं वाटलं. वाजवत चालायचं, एका रेषेत चालायचं, आणि दिलेल्या वेळेबाहेर गेलात तर गुण जातात.

आता आपल्याकडे या. स्पर्धा बहुतेक ठिकाणी बंद पडल्या. पथकं मात्र वाढली. पुण्यात मी डिप्लोमाला होतो तेव्हा शाळांची आणि माजी विद्यार्थ्यांची पथकं बघायला आम्ही लक्ष्मी रस्त्यावर तासन्‌तास उभे राहायचो. ज्ञान प्रबोधिनी, रमणबाग, नूमवि ही नावं तेव्हाच ऐकली. शिस्त बघण्यासारखी होती. पुढे पथकांचं पीक आलं, ते पुण्यातून आमच्यापर्यंत पोचलं. मुली ढोल वाजवू लागल्या, ही यातली सगळ्यात चांगली गोष्ट. पण शिट्टी गेली. परीक्षक गेले. चौकात जास्त वेळ उभा राहील तो भारी, असं गणित झालं. पुण्याची विसर्जन मिरवणूक चोवीस तासांच्या पुढे जाते ती उगाच नाही.

कोर्टात काय चाललंय तेही बघू. ऑगस्ट २०२४ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठाने पुण्यातल्या पथकांवर मर्यादा घातली, एका पथकात तीसच वादक. सप्टेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या अटीला स्थगिती दिली. आपल्याकडे लगेच दोन गट पडले. एक म्हणे संस्कृतीचा विजय, दुसरा म्हणे आता कानांचं काही खरं नाही.

मला वाटतं मोजायची गोष्टच चुकली. आवाजाचं गणित साध्या बेरजेचं नसतं. साठ ढोलांचे तीस केले तर आवाज निम्मा होत नाही, फक्त तीन डेसिबलने उतरतो. बाजूला उभ्या माणसाला फरक जाणवेल न जाणवेल. फरक पडतो तो वेळेने. अमेरिकेत कामगारांच्या कानांसाठी जे प्रमाण वापरतात त्यात ८५ डेसिबल आवाजात आठ तास चालतात, पण दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होत जाते. १०० डेसिबलला उरतात पंधरा मिनिटं. आणि विसर्जनाच्या मिरवणुकीत शंभरच्या घरातला आवाज ही काही नवलाची गोष्ट राहिलेली नाही.

म्हणजे बघा. तेच पथक चालत तुमच्या दारावरून गेलं तर तुम्हाला पाच मिनिटं ढोल ऐकू येतो. अंगावर काटा येतो, पोरं गॅलरीत नाचतात. तेच पथक तुमच्या दारात दोन तास उभं राहिलं तर घरातलं तान्हं पोर, बायपास झालेले आजोबा आणि गोठ्यातली म्हैस, सगळ्यांचे हाल. ढोल तोच, माणसं तीच. फक्त मिरवणूक चालायची थांबली.

वाजवणाऱ्यांचं तर अजून वाईट. ताशा छातीशी असतो, कानापासून हातभर. माझ्याबरोबरचा एक ताशावाला आज पंचेचाळिशीत आहे. त्याच्या कानात दिवसरात्र शिट्टी वाजते. फोन तो एकाच कानाला लावतो. तासाभराच्या सरावाला कापसाचा बोळाही न घालणारी पोरं बघितली की मला तो आठवतो.

आता एक गोष्ट, जी बोलायला लोक कचरतात. ज्या तालावर आम्ही ढाली जिंकल्या तो ताल आमचा नव्हता. गावातले हलगीवाले मामा आम्हाला शिकवायला यायचे. हलगी, घुमकं, कैताळ हा आमच्या भागातला जुना संच. कुस्तीच्या मैदानात तो नसेल तर पैलवानाचं अंग तापत नाही. मामांनी आम्हाला ठेके तोंडी शिकवले, जुन्या टायरवर काड्या मारायला लावून हात बसवला. पण पथकाच्या बॅनरवर मामांचं नाव नव्हतं. बक्षीस घ्यायला स्टेजवर पुढारी गेले. आमच्यातल्या अनेकांच्या घरी ढोल चालायचा, हलगी हातात घेतलेली चालायची नाही. का, ते तुम्हाला माहीत आहे. वाजवणं हे मातंग समाजाचं काम मानलं गेलं, आणि मान मात्र ढोल बांधणाऱ्या आमच्यासारख्यांना मिळाला.

मामांचा मुलगा आज डीजेच्या गाडीवर जनरेटर सांभाळतो. त्याला मी विचारलं, हलगी का सोडली? म्हणाला, “दादा, हलगीला बोलवतात तेव्हा भाव करतात. डीजेला ॲडव्हान्स देतात.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणि ज्यांनी जातीचं ओझं म्हणून हे काम ठरवून टाकलं, त्यांचा तो निर्णय स्वाभिमानाचा आहे, तिथे बोलायचा अधिकार आपल्याला नाही. पण ज्याला वाजवायचंय त्याला कलावंताचा मान आणि ठरलेला दाम मिळाला पाहिजे. ‘पारंपरिक वाद्यांना प्राधान्य’ म्हणताना ती परंपरा सांभाळली कुणी, हे विसरून कसं चालेल?

म्हणून यंदाच्या शांतता समितीत चार गोष्टी मांडणार आहे. मंडळांच्या पोरांनी आत्ताच वाचून ठेवा.

पहिली, स्पर्धा पुन्हा सुरू करा. नगरपालिका आणि पोलीस मिळून उत्कृष्ट मंडळ निवडतातच. त्यात शंभरपैकी तीस गुण चालीला आणि थांबण्याला ठेवा. एका चौकात दहा मिनिटं, शिट्टी झाली की पुढे. जो अडून बसेल त्याचे गुण जाहीरपणे कापा, बोर्डावर लिहा. केसला पोरं भीत नाहीत, पण शेजारच्या मंडळापेक्षा गुण कमी पडले तर वर्षभर झोपत नाहीत.

दुसरी, दवाखान्यापासून शंभर मीटर ढोल बंद. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांतच शांतता क्षेत्राची तरतूद आहे. त्या पट्ट्यात नुसता ध्वज घेऊन रांगेत चाला. शंभर पोरं ढोल बांधून, आवाज न करता दवाखान्यासमोरून गेली तर त्याचे फोटो मी पहिल्या पानासाठी पाठवीन.

तिसरी, प्रत्येक वादकाला कानात घालायचे बोळे. मंडळाच्या टी-शर्टच्या खर्चात बसतात.

चौथी, मिरवणुकीत पुढे हलगीचा संच, लेखी ठरलेल्या मानधनावर, निम्मे पैसे आधी. स्टेजवर त्यांचाही नारळ, त्यांचाही फेटा.

मला माहीत आहे, कुणीतरी विचारणार की नियम आमच्याच सणाला का. नियम सगळ्यांनाच आहेत, वर्षभर आहेत, आणि लग्नाच्या वरातीपासून पुढाऱ्यांच्या वाढदिवसापर्यंत ते मोडले जातात, तेही मी लिहीतच असतो. रात्री दहानंतरच्या बंदीतून वर्षातले पंधरा दिवसांपर्यंत मध्यरात्रीपर्यंत सूट द्यायचा अधिकारही राज्याला आहे, आणि ती सूट गणपतीला मिळते. पण सूट वेळेची आहे, आवाजाची नाही.

दुसरं कुणी म्हणेल, पोरांना वर्षातून एकदा मजा करू द्या. करूच द्या. मी केली आहे, सहा वर्षं, मांड्या काळ्यानिळ्या करून. चाळीस जणांचे हात एका क्षणी हवेत थांबले, आणि सगळ्या मैदानात फक्त झेंड्याचा फडफडाट ऐकू आला, ती मजा डीजेच्या भिंतीसमोर नाचणाऱ्याला कधीच कळणार नाही. आजच्या पोरांनाही ती मिळावी एवढंच म्हणणं आहे.

बैठकीची तारीख कळली की इथेच टाकतो. पटलं असेल तर आपापल्या मंडळाच्या ग्रुपवर पाठवा. नसेल पटलं तर बैठकीला या, समोरासमोर बोलू.