बिनखुणेच्या पोलीस गाडीवरचा दिवा

पोलिसांच्या गस्तीच्या गाडीवर कोणता दिवा बसवावा, हा प्रश्न वरकरणी खात्याच्या भांडाराचा आहे. निविदा मागवाव्यात, नमुने पाहावेत, स्वस्त आणि टिकाऊ माल घ्यावा, की झाले. परंतु गाडी जेव्हा बिनखुणेची असते, म्हणजे तिच्यावर रंगाचे पट्टे नसतात, ‘पोलीस’ हा शब्द नसतो, टपावर दिव्यांची रांग नसते आणि रस्त्यावरील चार मोटारींत ती पाचवी म्हणून सहज मिसळून जाते, तेव्हा या प्रश्नाचे स्वरूपच पालटते. दिवा लागेपर्यंत ती कोणाचीही गाडी असते. दिवा लागताच ती शासनाची होते. शासन आणि नागरिक यांच्यातील सारा व्यवहार त्या क्षणी त्या एका दिव्यावर येऊन ठेपतो. एवढा भार पेलण्याचे सामर्थ्य त्या दिव्यात आहे काय, याचा विचार निविदेत होत नाही.

अशा गाड्या मुळात असूच नयेत, असे कोणी म्हणणार नाही. टेहळणी, पाठलाग, संशयितांवर पाळत, अतिमहत्त्वाच्या व्यक्तींचे संरक्षण या कामांत ओळख लपविणे हेच हत्यार असते. पण लपविण्याची किंमत दृश्यतेत मोजावी लागते. टपावरचा दिवा चारी दिशांनी दिसतो. बिनखुणेच्या गाडीत तोच प्रकाश तुकडे करून लपवावा लागतो. काही दिवे पुढच्या जाळीत जातात, काही दर्शनी काचेच्या आत, काही आरशांच्या कडेला, तर काही मागच्या काचेपाशी. समोरून येणाऱ्याला ते दिसतात. चौकात आडव्या रस्त्याने येणाऱ्याला बहुधा दिसत नाहीत, आणि धोका तर तेथेच अधिक. काचेच्या आतील दिव्याचा काही प्रकाश काचेवरून परत फिरून चालकाच्याच डोळ्यांवर येतो. म्हणून अशा गाडीसाठी दिवे निवडताना बाजूच्या दिव्यांकडे प्रथम पाहिले पाहिजे, झगझगाटाकडे नंतर.

रंगाविषयीही बरेच गैरसमज आहेत. लाल म्हणजे धोका, म्हणून लाल दिवा सर्वांत प्रभावी, अशी समजूत रूढ आहे. वस्तुतः अंधारात मानवी डोळ्याची संवेदनक्षमता निळ्याकडे सरकते. बोहेमियातील शरीरशास्त्रज्ञ पुर्किन्ये याने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच हे नोंदविले होते. भर उजेडात डोळा सुमारे 555 नॅनोमीटर लहरलांबीच्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतो, तर अंधारात सुमारे 507 नॅनोमीटरच्या. त्यामुळे रात्री लाल फिका पडतो आणि निळा उठून दिसतो. शिवाय रस्त्यावरच्या प्रत्येक मोटारीच्या पाठीमागे लाल दिवा असतोच. त्या गर्दीत आणखी एक लाल ठिपका हरवून जातो. मिशिगन विद्यापीठाच्या वाहतूक संशोधन संस्थेने 2008 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निळ्याचा वापर वाढवावा आणि दिवसाची व रात्रीची तीव्रता वेगळी ठेवावी, अशी शिफारस होती. दिवसा जो प्रकाश जेमतेम लक्ष वेधतो, तोच रात्री समोरच्याला आंधळा करतो. युरोपात प्रचलित असलेल्या 65 क्रमांकाच्या नियमावलीने लुकलुकण्याची गतीही बांधून दिली आहे. सेकंदाला 2 ते 4 वेळा, अधिक नाही. जितका लखलखाट तितका अधिकार, ही आपल्याकडील समजूत या शास्त्राच्या पुढे टिकत नाही.

तथापि शास्त्राने केवळ ‘दिसेल काय’ याचे उत्तर मिळते. ‘पटेल काय’ याचे उत्तर मिळत नाही.

या देशात दिव्याचा इतिहास दिसण्याचा कमी आणि मिरविण्याचा अधिक आहे. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील 108 व्या नियमाने लाल दिवा काही मोजक्या उच्चपदस्थांपुरता ठेवला होता. पुढे राज्यांनी आपापल्या याद्या वाढवीत नेल्या, आणि यादीत नसलेल्यांनीही दिवे लावले. चलनाच्या बाबतीत जे घडते तेच येथे घडले. नोटा भरमसाट छापल्या की त्यांचे मोल उतरते. दिवेही असेच भरमसाट निघाले आणि लोकांनी त्यांच्याकडे पाहणे सोडले. रुग्णवाहिकेलाही वाट मिळेनाशी झाली, हा त्या चलनवाढीचा सर्वांत क्रूर परिणाम. सर्वोच्च न्यायालयाने 10 डिसेंबर 2013 रोजी अभयसिंग प्रकरणात या याद्यांना चाप लावला आणि पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका यांनी लाल सोडून निळा, पांढरा वा बहुरंगी दिवा वापरावा असे सांगितले. 1 मे 2017 पासून तर उच्चपदस्थांचा दिवाच काढून घेण्यात आला. लाल, निळा आणि पांढरा असा बहुरंगी दिवा आपत्कालीन कामांवरील वाहनांपुरता उरला. कोणत्या प्राधिकरणांना परवानगी आहे, त्याची यादी राज्याच्या परिवहन विभागाने दरवर्षी जाहीर करावी, अशीही तरतूद झाली. ही यादी कितीजणांच्या वाचनात येते, हा भाग निराळा.

सुधारणा स्तुत्य होती. पण तिने मिरविण्याचा रोग हाताळला, तोतयेगिरीचा नाही. 2024 मध्ये पुण्यात एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या खासगी मोटारीवरील दिव्याने राज्यभर गदारोळ उडविला. त्या गदारोळात रोष होता तो बडेजावाविषयी. असा दिवा कोणत्याही खासगी मोटारीवर इतक्या सहजपणे चढू शकतो, या गोष्टीची चर्चा त्या मानाने थोडीच झाली.

वास्तविक या सहजतेची किंमत देशाने पूर्वीच मोजली आहे. 13 डिसेंबर 2001 रोजी संसदेच्या आवारात पाच सशस्त्र हल्लेखोर शिरले, ते एका पांढऱ्या अँबॅसॅडरमधून. तिच्यावर लाल दिवा होता आणि काचेवर गृह मंत्रालयाची बनावट चिठ्ठी. योगायोग असा की त्याच्या तीनच दिवस आधी स्टॉकहोममध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक अकेरलॉफ, स्पेन्स आणि स्टिग्लिट्झ या तिघांना प्रदान झाले होते, आणि त्यांच्या संशोधनाचा विषय होता एका पक्षाला ठाऊक असलेली गोष्ट दुसऱ्याला ठाऊक नसली म्हणजे काय होते हा. स्पेन्स यांनी 1973 मध्ये मांडलेला विचार थोडक्यात असा. एखादी खूण विश्वासार्ह ठरते, ती ठळक आहे म्हणून नव्हे. ती मिळविणे खऱ्याला परवडते आणि खोट्याला परवडत नाही म्हणून. पदवी, हमीपत्र, सरकारी मुद्रा यांचे मोल या फरकावर उभे असते. हा फरक नाहीसा झाला की खूण कितीही झगमगीत असो, ती काहीच सांगत नाही.

पोलिसी दिव्याची आज हीच अवस्था आहे. मोटारींच्या सजावटीचे सामान विकणाऱ्या दुकानांतून लाल-निळे लुकलुकणारे दिवे उघडपणे मिळतात, घरपोचही येतात. खऱ्याला आणि खोट्याला ते एकाच भावाने पडतात. खुणेच्या गाडीच्या बाबतीत निदान रंग, पट्टे, अक्षरे, टपावरचा दिवा आणि गणवेश असा पाच गोष्टींचा मेळ तोतयाला जमवावा लागतो. बिनखुणेच्या गाडीच्या बाबतीत शासनानेच त्यांतल्या चार गोष्टी काढून टाकल्या आहेत, आणि पाचवी बाजारात विकत मिळते. पेशवाईतील भाऊसाहेबांच्या तोतयाला निदान चेहरा, बोलणे आणि कुळाची माहिती जमवावी लागली होती!

परदेशातील दोन घटना येथे आठवतात. कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतात 18 आणि 19 एप्रिल 2020 या दोन दिवसांत एका माणसाने 22 जणांचे प्राण घेतले. सरकारी लिलावात निघालेली जुनी पोलीस मोटार घेऊन, तिच्यावर पट्टे आणि दिवे चढवून तो हिंडत होता. त्यानंतर 2021 मध्ये तेथील केंद्र शासनाने जुन्या पोलीस गाड्यांची विक्री थांबविली आणि प्रांताने पोलिसी सामग्री बाळगण्यावर निर्बंध घालणारा कायदा केला. दुसरी घटना अमेरिकेतील मिनेसोटा राज्याची. 14 जून 2025 च्या पहाटे पोलिसाच्या वेषातील एका इसमाने राज्य विधिमंडळाच्या सदस्या मेलिसा हॉर्टमन आणि त्यांचे पती यांची त्यांच्या घरी हत्या केली. त्याच्या काळ्या मोटारीला पोलिसी दिवे होते. त्याच रात्री दुसऱ्या एका लोकप्रतिनिधीच्या घरापाशी ती मोटार उभी असताना तेथे पोहोचलेल्या खऱ्या पोलीस अधिकाऱ्यालाही तो आपलाच सहकारी वाटला. प्रशिक्षित डोळ्यांची ही गत, तर रात्री एकटीने मोटार चालविणाऱ्या शिक्षिकेने त्या दिव्याकडे पाहून काय ठरवावे?

तिच्यापुढील पेच कायद्याने अधिकच अवघड केला आहे. मोटार वाहन कायद्यात 2019 मध्ये घातलेल्या 194-ई कलमानुसार आपत्कालीन वाहनाला वाट न देणाऱ्यास 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 10 हजार रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. उलट, लोकसेवकाची खोटी खूण बाळगणाऱ्यास भारतीय न्याय संहितेच्या 205 व्या कलमाखाली जास्तीत जास्त 3 महिने कैद आणि 5 हजार रुपयांपर्यंत दंड. प्रत्यक्ष तोतयेगिरी करून एखादे कृत्य केल्यास 204 वे कलम अधिक कडक आहे, हे खरे. पण ते कृत्य घडून गेल्यानंतरचे. केवळ दिव्यापुरते बोलायचे, तर त्याच्यावर शंका घेऊन वाट अडविणारा नागरिक खोटी खूण मिरविणाऱ्यापेक्षा दुप्पट शिक्षेस पात्र ठरू शकतो. स्पेन्स यांचा नियम येथे उलटाच झाला आहे. महाग पडते ते शंका घेणे, खोटेपणा स्वस्त आहे.

यावर उपाय नाही असे नाही. कॅलिफोर्नियाच्या वाहन संहितेत जुनी तरतूद आहे. वाहतूक नियमनाच्या कामावर असलेल्या अधिकाऱ्याने पूर्ण गणवेश घातला पाहिजे आणि त्याची गाडी ठरावीक वेगळ्या रंगात रंगविलेली असली पाहिजे. हे पाळले नसेल तर त्या प्रकरणात त्याची साक्षच ग्राह्य धरली जात नाही. म्हणजे बिनखुणेच्या गाडीने पाहावे, खुणेच्या गाडीने थांबवावे, अशी कामाची विभागणी कायद्यानेच करून दिली आहे. आपल्याकडे असा नियम करण्यास अडचण कोणती? बिनखुणेच्या गाडीवाचून वेगाने हाकणारे सापडणार नाहीत, असा युक्तिवाद पोलीस खात्यातून होईल. पूर्वी त्यात तथ्य होते. परंतु 2024 पासून मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर कॅमेरेच वेग मोजून चलन पाठवितात. त्या कामासाठी कोणाला अंधारात थांबविण्याची गरज उरलेली नाही. गंभीर गुन्ह्यातील पाठलागाचा अपवाद ठेवावाच लागेल, आणि तेवढ्यासाठीच या गाड्यांचे दिवे निवडले जावेत. चौकात बाजूनेही दिसणारे, रात्री मंद होणारे असे ते असावेत. ते लागल्याची वार्ता त्याच क्षणी नियंत्रण कक्षाला पोहोचावी, अशी जोडणीही त्यांना असावी. ही जोडणी बाजारात विकत मिळत नाही, आणि खऱ्या-खोट्याचा फरक तीच पुन्हा निर्माण करू शकते. नागरिकाने सावकाश पुढे जाऊन, उजेडाच्या व वर्दळीच्या जागी थांबून 112 क्रमांकावर विचारणा केली, तर तो आज्ञाभंग समजू नये, असे शासनाने लेखी जाहीर केले पाहिजे. हवालदाराच्या समजूतदारपणावर ते सोडून भागणार नाही.

राहिला बाजाराचा प्रश्न. शासनाच्या मालकीच्या 15 वर्षांहून जुन्या वाहनांची नोंदणी 1 एप्रिल 2023 पासून रद्द करून ती मोडीत काढण्याचे धोरण केंद्राने स्वीकारले. त्यामुळे जुनी पोलीस मोटार लिलावातून भलत्याच्या हाती जाण्याचा कॅनडासारखा मार्ग येथे बराच बंद झाला आहे. विक्रेत्याकडे अधिकृत मागणीपत्र दिल्याशिवाय लाल-निळा दिवा विकता येऊ नये, एवढी नोंदवही ठेवण्याची सक्ती मात्र अद्याप व्हायची आहे. मोटार भंगारात जाते, आणि तिच्यावरचा दिवा नव्या वेष्टनात, कोणाही गिऱ्हाइकाची वाट पाहत दुकानाच्या फळीवर मांडलेला असतो.