डोळे मिटावयासही वेळ हवा

दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट. रविवारची मिस्सा आटोपून मंडळी चर्चच्या आवारात बोलत उभी होती. गावातील एका मातेने मला बाजूस बोलावले. तिची थोरली मुलगी बेंगळूरूच्या एका कंपनीचे काम घरी बसूनच करते. दिवसाचे नऊ-दहा तास संगणकापुढे. सायंकाळ झाली की डोळे लाल होतात, चुरचुरतात, कपाळ ठणकते, अक्षरे एकमेकांत मिसळल्यासारखी दिसतात. बापाने निर्वाणीचे सांगून टाकले होते की, आंधळी होण्याआधी ही नोकरी सोड. परंतु धाकट्या भावाची कॉलेजची फी व घराच्या कर्जाचा हप्ता त्या पगारातूनच भागतो. "मास्तर, पैसा राखावा की पोरीचे डोळे राखावेत, एवढेच सांगा," असे म्हणताना त्या माउलीचा कंठ दाटून आला.

मी म्हटले, "बाई, ह्या दोहोंपैकी एकच निवडावे लागेल असे तुम्हांला कोणी सांगितले?" आज आपल्या कितीतरी घरांत हाच घोर लागून राहिला आहे. म्हणून त्या मातेला जे सांगितले, तेच सर्व वाचकांसाठी येथे सविस्तर लिहीत आहे.

प्रथम एक भीती दूर करू. संगणकाच्या उजेडाने डोळे जळतात अशी पुष्कळांची समजूत आहे. उघड्या आकाशाखाली दिवसा जो उजेड आपल्या डोळ्यांत शिरतो, त्याच्यापुढे संगणकाचा प्रकाश फारच मंद आहे. त्याने दृष्टी जाते असे कोठेही सिद्ध झालेले नाही. मग डोळे दुखतात ते कशाने? त्याची मुख्य कारणे दोन.

पहिले कारण पापण्यांचे. एरवी आपण मिनिटास साधारणतः १५ वेळा पापणी मिटतो. प्रत्येक वेळी अश्रूंचा एक पातळ थर डोळ्यावर पसरतो, आणि तो लवकर सुकू नये म्हणून पापणीच्या कडेच्या बारीक ग्रंथींतून आलेले तेल त्यावर तरंगत राहते. एकाग्र होऊन पडद्याकडे पाहू लागताच पापणी मिटण्याचे प्रमाण निम्म्यावर, कधी त्याहूनही खाली येते. आणि जी मिटते तीही पुष्कळदा अर्धवट मिटते. मग डोळा सुकतो, चुरचुरतो, लाल होतो. कित्येकांच्या डोळ्यांतून अशा वेळी उलट पाणी वाहू लागते. कोरड्या डोळ्याने घाईघाईने मागविलेले ते पाणी असते, परंतु ते टिकत नाही.

दुसरे कारण स्नायूचे. डोळ्याच्या आत भिंगाभोवती एक बारीक स्नायू आहे. दूर पाहताना तो सैल असतो. जवळचे पाहताना तो आवळतो आणि भिंगाला फुगीर करतो. डोक्यावर भरली घागर घेऊन तासन्‌तास उभे राहिल्यास मान दुखणारच. तीच गत ह्या स्नायूची होते.

हे दुखणे संगणकाबरोबर जन्मले असेही नाही. बेर्नार्दिनो रामाझिनी नावाच्या वैद्याने १७०० साली इटलीतील मोदेना येथे कामकऱ्यांच्या रोगांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. रोग्याला त्याचा धंदा कोणता हे वैद्याने विचारलेच पाहिजे, असा त्याचा आग्रह होता. छापखान्यात खिळे जुळविणाऱ्यांचे व बारीक कलाकुसर करणाऱ्यांचे डोळे कसे शिणतात, हे त्याने लिहून ठेवले. आणि कामात मधूनमधून खंड पाडून नजर दुसरीकडे वळवावी असा उपायही सांगितला. तीनशे वर्षे लोटली तरी त्या उपायाचे मोल कमी झालेले नाही.

आजचे नेत्रतज्ज्ञ तोच उपाय लक्षात राहावा अशा रीतीने सांगतात : दर २० मिनिटांनी, २० फुटांवरील एखाद्या वस्तूकडे, २० सेकंद पाहावे. आकडे केवळ आठवणीसाठी आहेत. थोडे मागेपुढे झाले म्हणून बिघडत नाही. खिडकीतून समोरचे झाड पाहावे, आणि त्याच वेळी पाच-सहा वेळा पापण्या सावकाश व पूर्ण मिटाव्यात. ह्याशिवाय दर दोन तासांनी दहा-पंधरा मिनिटे खुर्चीवरून उठावे. आपल्या वाडवडिलांस ही शिस्त परकी नव्हती. सकाळी, दुपारी व सायंकाळी त्रिकाळ प्रार्थनेची घंटा झाली की नांगर थांबे, जाते थांबे, हात जोडले जात. काम मोलाचे खरे. पण मनुष्य कामाहून मोलाचा, हेच ती घंटा सांगत असे. संगणकापुढे बसणाऱ्याने अशी लहानशी घंटा स्वतःसाठी लावून घ्यावी. मोबाइलवर ती सहज लावता येते.

आता बैठकीविषयी. पडदा डोळ्यांपासून हातभर, म्हणजे २० ते २८ इंच दूर असावा. त्याचा मध्य नजरेच्या रेषेपासून चार-पाच इंच खाली असावा. नजर किंचित खाली असली की डोळा कमी उघडा राहतो व कमी सुकतो. खिडकी पडद्याच्या समोर नको, मागेही नको. ती बाजूला असावी, म्हणजे चकाकी त्रास देत नाही. पंख्याचा वारा सरळ तोंडावर येऊ देऊ नये. अक्षरे मोठी करावीत; त्यासाठी पैसे पडत नाहीत. काळोख्या खोलीत केवळ पडद्याच्या उजेडात काम करू नये. लॅपटॉप मांडीवर घेऊन खाटेवर बसण्याची सवय तर डोळे व पाठ दोहोंसही जाचक आहे.

त्या मुलीने एव्हाना दोन गोष्टींवर पैसे खर्चिले होते. त्यांतली पहिली म्हणजे निळा प्रकाश अडविणारा महागडा चष्मा. वैद्यकीय संशोधनाची छाननी करणाऱ्या कॉक्रेन ह्या संस्थेने २०२३ साली १७ चाचण्या एकत्र तपासल्या. साध्या काचांपेक्षा ह्या काचांनी डोळ्यांचा शीण कमी होतो असे, अल्पकाळात तरी, दिसून आले नाही. तेव्हा त्यात पैसे घालविण्याची घाई करू नये.

दुसरी गोष्ट मात्र चिंतेची होती. डोळ्यांची लाली जावी म्हणून औषधाच्या दुकानातून मागून आणलेले थेंब ती कित्येक आठवडे घालीत होती. त्या बाटलीत स्टेरॉइड होते. अशा थेंबांनी लाली झटकन जाते, म्हणून माणूस भुलतो. पण डॉक्टरांच्या देखरेखीवाचून ते दीर्घकाळ घातल्यास डोळ्यांतील दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही होऊ शकतो. काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही. संगणकाने जे केले नसते, ते ह्या बाटलीने केले असते! कोरडेपणासाठी कृत्रिम अश्रूंचे थेंब मिळतात. तेही डॉक्टरांस विचारून घ्यावेत. मध, लिंबाचा रस, दूध असले घरगुती उपचार तर डोळ्यांत कधीच करू नयेत. तोबियाने माशाचे पित्त लावून पित्याचे डोळे बरे केले, ही पवित्र शास्त्रातील कथा आपण जाणतो. परंतु त्याच्या सोबतीला राफाएल देवदूत होता. आपण आपल्या नेत्रवैद्याकडे जावे, हेच बरे.

पुष्कळांचे दुखणे न सापडलेल्या नंबरात असते. डोळ्यांस थोडा दोष असला तरी एरवी निभावून जाते. दिवसभर पडदा पाहू लागले की तो दोष डोके वर काढतो. चाळिशीनंतर जवळचे अंधुक होऊ लागते. तेव्हा वाचावयाचा चष्मा हातभर अंतरावरील पडद्यास पुरत नाही, हे तपासनिसास स्पष्ट सांगावे. मधुमेह असणाऱ्यांनी वर्षातून एकदा डोळ्यांचा आतील पडदा तपासून घ्यावाच. आणि अचानक दिसेनासे झाले, डोळ्यांत तीव्र कळा आल्या, विजेसारख्या रेघा चमकल्या किंवा नजरेपुढे पडदा ओढल्यासारखे झाले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. तो संगणकाचा शीण नव्हे.

मुलांविषयी दोन शब्द. चीनमधील ग्वांगझौ शहरात काही शाळांनी पहिलीच्या मुलांस रोज ४० मिनिटे अधिक उघड्यावर नेले. २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा असे दिसले की तीन वर्षांत त्या शाळांतील शेकडा ३० मुलांस दूरचे अंधुक दिसू लागले, तर इतर शाळांत हे प्रमाण शेकडा ४० होते. आपल्या गावांत अंगण आहे, शेत आहे, ऊन आहे. रडणाऱ्या बाळाच्या हाती मोबाइल देण्याऐवजी त्याला अंगणात न्यावे. दोन वर्षांच्या आतील मुलांस पडद्यापुढे बसवूच नये.

त्या मुलीचे पुढे काय झाले, हे सांगितले पाहिजे. आई तिला घेऊन नेत्रवैद्याकडे गेली. डोळ्यांस लहानसा नंबर निघाला व कोरडेपणा आढळला. ते थेंब डॉक्टरांनी बंद करविले, दाब मोजला. देवाच्या दयेने तो वाढलेला नव्हता, तथापि पुन्हा तपासणीस बोलाविले आहे. नोकरी चालू आहे, हप्ताही चालू आहे. नोकरी सोड म्हणणाऱ्या बापानेच एके दिवशी टेबल उचलून खिडकीपासून बाजूला लावले, आणि आता दुपारी अंगणातून हाक मारून तो मुलीला थोडा वेळ बाहेर बोलावतो.

१३ डिसेंबरला आपण डोळ्यांची आश्रयदाती संत लुसी हिचा सण पाळतो. तिच्याकडे विनवणी अवश्य करावी. मात्र घरात कोणी दिवसभर पडद्यापुढे राबत असेल, तर आज सायंकाळी जपमाळेला बसण्यापूर्वी त्याच्या डोळ्यांकडे एकवार नीट पाहावे, आणि शेवटची तपासणी केव्हा केली होतीस, एवढे विचारावे.