साखळीवर ठसा ठेवा, जात नको

नागरिकाचे नाव, गाव आणि जात ब्लॉकचेनवर थेट नोंदवण्यास आमचा विरोध आहे. २०२२मध्ये गडचिरोलीच्या एटापल्लीत ६५ हजार जातप्रमाणपत्रे ‘पॉलिगॉन’ या ब्लॉकचेन साखळीशी जोडण्याचा उपक्रम हाती घेण्यात आला. बनावट दाखल्यांना त्याने चाप बसतो, हे मान्यच.

पण उद्या एखाद्या मुलीच्या दाखल्यावर ‘राठोड’चे ‘राठौर’ झाले तर? २०२३च्या विदा संरक्षण कायद्याने दुरुस्तीचा व माहिती पुसून घेण्याचा हक्क दिला आहे. साखळीवरची नोंद मात्र पुसता येत नाही. म्हणून तिथे दाखल्याचा केवळ डिजिटल ठसा, म्हणजे हॅश असावा. बाकी तपशील सरकारी सर्व्हरवरच बरा.

याच कायद्याच्या अंमलबजावणीसाठी नोव्हेंबर २०२५च्या नियमांनी दिलेली १८ महिन्यांची मुदत संपण्याआधी राज्य सरकारने तसा लेखी आदेश काढावा.